दोन नंबरचा कीबोर्ड

मुलुंड पूर्व,
११ जानेवारी २०२५

चि. मुकुल,

आशीर्वाद आहेतच, ते धरून चाल. फोन करत नाही, कारण फोनवर तू ‘हो मावशी, हो मावशी’ करत दुसरीकडे टाइप करत असतोस आणि मला ती टकटक ऐकू येते. म्हणून मेल. ही निदान वाचावी तरी लागेल.

आमचा ‘साठीचे सूर’ तुला माहीत आहे. निवृत्त लोकांचा वाद्यवृंद. दर बुधवारी आणि शनिवारी चंद्रप्रकाशांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही जुनी भावगीतं वाजवतो आणि तळमजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात. गातात चंद्रप्रकाश. हॉल त्यांच्या ओळखीवर मिळतो, त्यामुळे गळ्याची चौकशी कुणी केलेली नाही. ढोलकीवर धम्मपाल. घाटकोपरच्या भीमगीतांच्या पार्टीत बरीच वर्षं वाजवलंय त्याने, आमच्यात का येतो देव जाणे. आणि कीबोर्डवर दोघं. एक नंबरवर मी, दोन नंबरवर नंदकिशोर.

नंदकिशोर म्हणजे औषध कंपनीतून रिटायर झालेला कोट्यांचा कारखाना. परवा मी म्हटलं, “तुमचा पंचम लागत नाही हो.” तर म्हणतात, “शकुंतलाबाई, पंचत्वात जायचं वय, पंचम कुठून आणू?” सगळे हसले. पंचम राहिला तो राहिलाच.

प्रत्येक गाण्यात दोन-चार खोटे सूर येतात. ऐकणाऱ्याला कळत नाही कोण चुकलं, कारण आमचे दोन्ही कीबोर्ड एकाच स्पीकरमधून वाजतात आणि दोन्हींचा आवाज पियानोचा. बाकीचे आवाज चंद्रप्रकाशना हलके वाटतात. पण मला कळतं ना! मी चुकत नाही, म्हणजे तेच.

मार्चअखेर आमचा नाट्यगृहात कार्यक्रम आहे. तिकीट लावून. तुझी आई सांगत होती, तू ते मोफतचं सॉफ्टवेअर घेऊन सुरांना गाळणी लावतोस म्हणून. तर दोन नंबरला एक लावून दे. चंद्रप्रकाशना मी सांगितलंय. नंदकिशोरना मात्र कळता कामा नये. मला त्यांना दुखवायचं नाही.

तुझी,
शकूमावशी

—

बोरिवली पश्चिम,
१४ जानेवारी

ती. शकूमावशी,

नमस्कार. टकटक माझी नव्हती. शेजारची बिल्डिंग पाडतायत.

गाळणी लावता येईल. कीबोर्ड लॅपटॉपला जोडला की तो आवाज पाठवतच नाही, निरोप पाठवतो. ही पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली, आता सोडली. या निरोपांच्या भाषेला मिडी म्हणतात. आवाज पुढे लॅपटॉप काढतो. निरोप आणि आवाज यांच्या मधे मी एक छोटा प्रोग्रॅम बसवीन. तुमच्या गेटवरचा वॉचमन समज. त्याच्याकडे त्या गाण्यातल्या सुरांची यादी. यादीतला सूर आला तर आत, नाहीतर गेटवरूनच परत. पट्टी दाबली तरी आवाज नाही. प्रत्येक निरोपावर वाहिनीचा नंबर असतो, त्यावरून तुझा कुठला आणि त्यांचा कुठला ते कळतं. तू फक्त गाणं बदललं की लॅपटॉपवर त्याचा नंबर दाबायचा.

सॉफ्टवेअर खरंच फुकट आहे. आत काय चाललंय तेही उघडून बघता येतं, हवं तसं बदलता येतं. कुठल्या कुठल्या देशांतल्या वादकांनी फावल्या वेळात लिहिलंय. तुम्ही लोक फावल्या वेळात जे करता त्याच्याशी तुलना करत नाही.

दोन गोष्टी. वॉचमनला बरोबर-चूक काही कळत नाही, त्याला फक्त यादी कळते. आणि नंदकिशोरना सांगून लाव असं माझं मत आहे. माणसाचा सूर त्याच्या नकळत अडवायचा हे मला बरं वाटत नाही. तू ऐकणार नाहीस, तरी लिहून ठेवतो.

रविवारी जुना लॅपटॉप घेऊन येतो. थालीपीठ कर.

मुकुल

—

मुलुंड पूर्व,
२८ जानेवारी

चि. मुकुल,

थालीपीठं सहा खाल्लीस आणि मत एक दिलंस. मी थालीपीठांचा हिशोब ठेवत नाही, मताचाही ठेवणार नाही.

पहिल्या दिवशी तुझ्या वॉचमनने वाट लावली होती. तालमीत एक सूर लागला तो सुटेचना! नुसता भोंगा. चंद्रप्रकाशना वाटलं आम्ही मुद्दाम आधार दिलाय. ते डोळे मिटून त्यावर आलाप घेत उभे. शेवटी धम्मपालने उठून वायर उपटली. मग तू फोनवर सांगितलंस की वॉचमनने ‘दाबली’चा निरोप आत सोडला आणि ‘सोडली’चा बाहेरच अडवला. नंदकिशोरचाच सूर असणार. सुरूसुद्धा त्यांना करता येत नाही आणि बंदसुद्धा.

पण तू दुरुस्त केल्यापासून, झकास! महिन्याभरापूर्वीचे आम्ही आणि आत्ताचे आम्ही, जमीन-अस्मान. एक खोटा सूर नाही. चंद्रप्रकाश म्हणाले, “शकुंतलाबाई, तुमची शंका खरी होती. दोन नंबरला लगाम घातला आणि सगळं स्वच्छ झालं.” मी काही बोलले नाही, मी नम्र आहे.

नंदकिशोरना सांगितलंय की लॅपटॉप आवाज ‘भरदार’ करायला आणलाय. ते खूश आहेत. म्हणतात, “बाई, आजकाल आपलं किती जुळतंय!” आपलं! मला हसू आवरेना. बिचाऱ्याला वाटतंय तो वाजवतोय.

एक किरकोळ तक्रार. तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात कोमल निषाद आहे. मी तो दाबते आणि वाजतच नाही. माझ्या कीबोर्डची ती पट्टी गेलेली दिसते. दुरुस्तीला टाकू का?

तुझी,
शकूमावशी

—

बोरिवली पश्चिम,
३० जानेवारी

ती. मावशी,

कीबोर्ड दुरुस्तीला टाकू नकोस. पट्टी शाबूत आहे. यादीत एक सूर लिहायचा राहिला होता, तो इथूनच टाकला. आता वाजेल.

नंदकिशोरबद्दल एवढ्यात कुणाशी काही बोलू नकोस. मला एक गोष्ट नीट तपासायची आहे. ऑफिसात फार काम आहे, म्हणून थोडक्यात.

मुकुल

—

मुलुंड पूर्व,
२४ फेब्रुवारी

चि. मुकुल,

तपासतोयस की झोपलायस? कोमल निषाद वाजला. यादी दोन नंबरची असताना सूर माझा कसा अडला ते काही कळलं नाही, पण वाजला ना, झालं.

इथे बरंच घडलंय. शनिवारी चंद्रप्रकाश नाट्यगृह बघून आले. म्हणाले, स्टेजवर मागे फुलांची सजावट करायची तर कीबोर्ड एकच मावेल. फुलांना हलवायचं कुणाला सुचलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, नंदकिशोर यावेळी पहिल्या रांगेत बसतील, कार्यक्रमाचा आनंद घेतील.

नंदकिशोर म्हणाले, “का पण? गेल्या महिन्याभरात माझं एकदाही चुकलेलं नाही. तुम्हीच म्हणालात.”

मुकुल, मी सांगणार नव्हते. पण ते ज्या तोऱ्यात म्हणाले ना! माझ्या तोंडून निघून गेलं. “तुमचं चुकलं नाही, कारण तुम्हाला चुकू दिलं नाही. तुमचे सूर आम्ही गाळून घेतो.” मग सगळंच सांगावं लागलं. लॅपटॉप, यादी, वॉचमन.

नंदकिशोरनी लॅपटॉपकडे बघितलं, मग स्वतःच्या हातांकडे. “म्हणजे मी वाजवत होतो ते...” एवढंच म्हणाले.

मधेच धम्मपाल बोलला. “बाई, मग ते मशीन बंद करा ना. दोघांना एकेकटं वाजवू द्या. पाच मिनिटांत काय ते कळेल.” मी म्हटलं, माझी परीक्षा घ्यायची गरज नाही. चंद्रप्रकाश म्हणाले, कटुता नको. कटुता त्यांना फक्त दुसऱ्या बाजूची दिसते, पण यावेळी ते माझ्या सोयीचं होतं म्हणून मी त्यांना काही म्हटलं नाही.

नंदकिशोरनी कीबोर्डला कव्हर घातलं, चेन लावली. चेन मधे अडकली. धम्मपाल मदतीला गेला तर “राहू दे रे” म्हणाले. चहा न घेताच गेले. एवढा प्रसंग आणि एक कोटी केली नाही.

मी बरोबरच केलं. यंत्राच्या जिवावर वाजवणाऱ्या माणसाने स्टेजवर बसणं म्हणजे तिकीट काढणाऱ्यांची फसवणूक. हो की नाही? कळव.

शकूमावशी

—

बोरिवली पश्चिम,
२५ फेब्रुवारी

ती. मावशी,

बसून वाच.

तुमच्या इमारतीत तळमजल्याच्या वरच्या मजल्याला पहिला म्हणतात. तुझ्या समोरच्या इमारतीत तळमजल्यालाच पहिला म्हणतात, म्हणून कुरिअरवाला कायम चुकतो. मी प्रोग्रॅमर, मी शून्यापासून मोजतो. माझ्या लेखी पहिला कीबोर्ड शून्य, दुसरा एक. म्हणून नंदकिशोरच्या वाहिनीसाठी मी ‘एक’ लिहिलं. पण हे सॉफ्टवेअर लिहिणारे वादक, ते माणसांसारखे एकपासून मोजतात. त्यांच्या लेखी ‘एक’ म्हणजे एक नंबर.

एक नंबर तू आहेस.

गाळणी पहिल्या दिवसापासून तुझ्या कीबोर्डवर आहे. नंदकिशोरचा एकही सूर कधी अडवलेला नाही. ते जे वाजवत होते ते तसंच्या तसं स्पीकरमधून येत होतं. गळत होते ते तुझे. आणि ते गळल्यावर तुमचं सगळं स्वच्छ झालं. तो न सुटणारा भोंगासुद्धा तुझाच.

कोमल निषाद वाजत नाही असं तू लिहिलंस तेव्हाच मला कळलं. प्रोग्रॅम उघडला आणि दिसलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण तू इतकी खूश होतीस, आणि खरं सांगायचं तर मी तुला घाबरतो. वाटलं, कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग हळूच काढून टाकू. तू त्यांना चारचौघांत असं काही बोलशील हे डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं, मी तुला जन्मापासून ओळखतो.

आता धम्मपाल म्हणाले तेच कर. लॅपटॉपवर शून्य दाबलंस की वॉचमन बाजूला होतो. एकटी वाजव आणि ऐक.

फसवणुकीबद्दल माझं मत विचारलं होतंस. ते आता तूच ठरव.

मुकुल

—

मुलुंड पूर्व,
९ मार्च

मुकुल,

चि. लिहिलेलं नाही हे लक्षात आलं असेलच.

तुला भरपूर शिव्या दिल्या. त्यातल्या तू पंचवीस दिवस गप्प बसल्याबद्दलच्या अजून शिल्लक आहेत, भेटशील तेव्हा देईन. मग शून्य दाबलं आणि वाजवलं. फोनवर रेकॉर्ड केलं, कारण वाजवताना मला काहीच चुकल्यासारखं वाटलं नाही. नंतर ऐकलं. माझी करंगळी प्रत्येक वेळी शेजारच्या पट्टीवर पडते आणि वर रेंगाळते. पेटीवर मांजर चालावं तसं. चंद्रप्रकाश त्यावर गेली दोन वर्षं गातायत, म्हणजे त्यांना काय ऐकू येतं तेही कळलं.

दोन दिवस वाटत होतं, कुणाला सांगायलाच नको. नंदकिशोर गेलेच आहेत. गाळणी आहेच. कार्यक्रम उत्तम होईल. हे तुला सांगतेय, कारण तूही पंचवीस दिवस तेच करत होतास आणि आपलं रक्त एकच आहे.

काल घाटकोपरला नंदकिशोरांच्या घरी गेले. दार जयंतीवहिनींनी उघडलं, नंदकिशोरांच्या बायकोने. “या” म्हणाल्या, पण दार पूर्ण उघडलं नाही. मी तिथेच उभं राहून म्हटलं, चूक माझी होती. तेव्हा उघडलं. म्हणाल्या, “दोन आठवडे झाले, ह्यांनी घरात एक कोटी केलेली नाही. आधी मला बरं वाटलं. मग भीती वाटायला लागली.”

कीबोर्ड चादरीत गुंडाळून कपाटावर टाकलेला. नंदकिशोर टीव्ही लावून बसले होते, आवाज बंद करून. मी सगळं सांगितलं. तुझे मजले, माझी करंगळी, सगळं. मला वाटलं होतं माणूस उडी मारेल, निदान मला चार शब्द सुनावेल. ते म्हणाले, “शकुंतलाबाई, घरी वाजवायचो तेव्हा एकही सूर चुकायचा नाही. मला वाटलं घरचा स्पीकर खराब झालाय.”

मुकुल, दोन वर्षं मी त्यांना सांगत होते तुम्ही चुकता, आणि त्या माणसाने स्वतःचे कान सोडून माझं ऐकलं. कारण मी मोठ्याने सांगत होते.

मी म्हटलं, परत या. म्हणाले, “येईन. पण जे बोललात ते त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर परत घ्या. आणि त्याच आवाजात. हळू आवाजात नको.”

आज जादा तालीम होती. मी बोलायला उभी राहिले. चंद्रप्रकाशना मी आधीच खरं सांगितलं होतं, तर मला बाजूला घेऊन म्हणाले होते, कार्यक्रम तोंडावर आलाय, आता मुख्य वादकाबद्दल शंका नको. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच जाहीर केलं, “मंडळी, तांत्रिक बिघाड होता. नंदकिशोर निर्दोष आहेत. टाळ्या!” टाळ्या झाल्या. नंदकिशोर दारात उभे होते, कीबोर्ड खांद्याला लावून. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी खाली बसले.

फुलं काढलीयत, दोन कीबोर्ड मावतायत. पण ते माझ्याशी बोलत नाहीत. ‘बाई’ सुद्धा म्हणत नाहीत.

शकू

—

बोरिवली पश्चिम,
१० मार्च

ती. मावशी,

तांत्रिक बिघाड म्हणजे मी. माझ्या नावावर टाळ्या पडल्या हे वाचून ऊर भरून आला.

आता कामाचं बोलतो. यादी तुझ्या वाहिनीवर ठेवली तर कार्यक्रमात तू एकदाही चुकणार नाहीस. कुणाला कळणार नाही. नंदकिशोर सोडून, आणि ते बोलणार नाहीत. यादी काढली तर करंगळी सगळ्या नाट्यगृहाला ऐकू येईल. मधला उपायही आहे. अगदी हलके लागलेले सूर तेवढे गाळायचे, म्हणजे घसरलेलं बोट अडेल आणि मुद्दाम दाबलेलं वाजेल. पुष्कळ वादक असं करतात, त्यात लाज काही नाही, फक्त ते सांगून करतात.

यावेळी मी मत देत नाही. तू सांगशील ते करतो आणि वाहिनी तीनदा मोजतो.

मुकुल

—

मुलुंड पूर्व,
३० मार्च

चि. मुकुल,

परत चि. झालास. तू ऑफिसच्या नावाखाली कार्यक्रमाला आला नाहीस, म्हणून लिहिते. मी तुला ‘सगळं काढ’ एवढाच मेसेज केला होता आणि तू ‘नक्की?’ असं विचारलंस. नक्की नव्हतं. म्हणून उत्तर दिलं नाही, आणि तू काढलंस. चांगलं केलंस.

दोन आठवडे रोज वाजवलं. करंगळीला चिकटपट्टी लावून वाजवलं, न लावता वाजवलं. सुधारणा झाली. मांजर आता पेटीच्या कडेने चालतं.

नाट्यगृह अर्ध्याहून जास्त भरलं होतं, त्यातले अर्धे चंद्रप्रकाशांचे नातेवाईक. पहिली दोन गाणी नीट गेली. माझंच मला आश्चर्य वाटलं. तिसऱ्याच्या अंतऱ्यात, चंद्रप्रकाश वरच्या सुरावर चढले, आणि माझी करंगळी घसरली. स्पीकरमधून असा काही सूर आला की दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी कानातलं यंत्र काढून बघितलं.

चंद्रप्रकाशांनी गाता गाता मान वळवली आणि डोळे वटारले. माझ्याकडे नाही. नंदकिशोरकडे. सगळं माहीत असून! आणि नंदकिशोरनी, ज्यांनी काहीच केलं नव्हतं, त्यांनी मान खाली घातली आणि हात पट्ट्यांवरून उचलून मांडीवर ठेवले. माणसाला इतकी सवय लावली होती मी.

मुकुल, मला काय झालं माहीत नाही. मी उजवा हात वर केला. शाळेत करतात तसा, सरळ, कोपर ताठ. ढोलकी थांबली. धम्मपाल गालात हसत होता. चंद्रप्रकाश आणखी एक ओळ गायले, मग त्यांना कळलं की आपण एकटेच आहोत.

माझ्यासमोर माइक नव्हता, म्हणून ओरडले. “चंद्रप्रकाश, इकडे बघा. मी चुकले. आत्ता मी चुकले आणि गेली दोन वर्षं मीच चुकतेय. नंदकिशोर कधीच चुकले नाहीत.” शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं असणार, कारण तिथून कुणीतरी म्हणालं, “बाई, आम्हाला गाणं ऐकवा ना.”

लोक हसले. थोडे माझ्यावर, थोडे आमच्या सगळ्यांवर. मी हात तसाच वर धरून बसले. खाली कधी घ्यायचा ते सुचेना.

तेव्हा शेजारून नंदकिशोर हळूच म्हणाले, “बाई, हात खाली घ्या. अंतरा राहिलाय.”

आणि त्यांनी पहिला सूर दिला. मी त्यांच्या मागून वाजवलं.

तुझी,
शकूमावशी